बर्फ नको म्हटलं होतं

मी एक जुनी बर्फाची पिशवी आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी रागावलेली आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तूंनी गोड बोलावं, फुटक्या नशिबावर हळूच एखादा सुस्कारा सोडावा, अशी रीत आहे म्हणे. छत्र्यांनी, चपलांनी आणि शाळेतल्या फळ्यांनी ती खुशाल पाळावी. मला नाही जमणार. संतापलेल्या माणसाला लोक डोक्यावर बर्फ ठेवायला सांगतात. माझ्या तर पोटातच बर्फ असतो, तरी मी धुमसते. यावरून काय ते समजा.

माझा जन्म एका लांबट, पत्र्याच्या कारखान्यात झाला. बाहेरून निळ्या चौकटींचं जाड कापड, आतून रबराचा थर, रुंद तोंड आणि त्यावर आट्यांचं पांढरं झाकण. शिवणी चिकटवणाऱ्या बायका दिवसभर एकमेकींची थट्टा करत काम करायच्या, पण एका बाबतीत कुणाची गय नव्हती. प्रत्येक पिशवीत पाणी भरायच्या आणि तिला उलटी टांगायच्या. जी ठिबकली ती बाद. माझ्या शेजारची ठिबकली, तिला उचलून कचऱ्याच्या पिंपात टाकलं. मी कोरडी राहिले. "ही टिकेल," असं एक बाई म्हणाल्या आणि मला खोक्यात घातलं.

औषधांच्या दुकानातून मला एका तरुण माणसानं विकत घेतलं. तो नुकताच लांब उडीचा प्रशिक्षक झाला होता. सगळे त्याला 'सर' म्हणायचे. त्याच्या मैदानावर एक धावपट्टी होती, तिच्या टोकाला उडी मारायची पांढरी फळी आणि फळीपुढे वाळूचा लांबलचक खड्डा. बाजूला पत्र्याची खोली. तिच्यात फाटक्या गाद्या, गंजलेले भाले, वाळू सपाट करायची दाताळी आणि एक जुना फ्रीज. तो फ्रीज चालू झाला की अख्खी खोली थरथरायची. त्या फ्रीजच्या दांड्याला मी लटकायचे.

सुरुवातीचे दिवस झकास होते. कुणाचा घोटा मुरगळला, कुणाचा अंगठा फळीवर आपटला, कुणी वाळूऐवजी कडेच्या दगडावर पडलं, की आरोळी यायची, "पिशवी आणा!" सर धावत यायचे, बर्फ भरायचे, झाकण पक्कं करायचे आणि मला दुखऱ्या जागी बसवायचे. पोरांचे चेहरे आधी वेडेवाकडे व्हायचे, मग सैल पडायचे. ताज्या दुखापतीची कळ मारणं हे माझं काम, आणि ते मी चोख केलं. "आमची पिशवी म्हणजे अर्धा डॉक्टर," असं सर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. तेव्हा मी फुशारले. कोण नाही फुशारणार?

पण हळूहळू सरांनी मला सगळ्याच दुखण्यांवर बसवायला सुरुवात केली. काल पडलेल्यावर मी, महिनोन्महिने कुरकुरणाऱ्या सांध्यावरही मीच. त्या मैदानावर एक मंत्र झाला होता, "बर्फ लाव आणि चल." सर म्हणायचे, म्हणून मोठी पोरं म्हणायची, म्हणून छोटी पोरंही बाहुलीला तेच सांगायची. मित्रांनो, मी कळ गप्प करते. दुरुस्त करत नाही. रडणाऱ्या माणसाच्या तोंडावर हात ठेवला तर आवाज थांबतो, दुःख थांबतं का? एवढी साधी गोष्ट त्या मैदानावर कुणाच्या डोक्यात शिरत नव्हती. एक उंचापुरा मुलगा माझ्यामुळे वर्षभर दुखऱ्या टाचेवर पळत राहिला आणि एक दिवस खेळ सोडून गेला. "दम नव्हता त्याच्यात," सर म्हणाले. माझी शिवण तेव्हाच उसवायला हवी होती इतकी मी चिडले.

पुढे बाजारात जेलच्या मऊ निळ्या गाद्या आल्या. फ्रीजमध्ये टाका, काढा, बांधा, ना पाणी ना गळती. सर त्यांच्यावर लट्टू झाले आणि मला एका खोक्यात फेकलं. फेकलं ते फेकलं, पाणी तरी ओतून टाकावं? तेही नाही. झाकण लावून, पोटात उरलेलं पाणी तसंच ठेवून मला बुटांच्या खिळ्यांवर पाडून ठेवलं. माझ्या आत बुरशी धरली. स्वतःचाच वास स्वतःला नकोसा होणं म्हणजे काय, ते मला विचारा.

मला त्या खोक्यातून बाहेर काढलं बेडकीनं.

बेडकी म्हणजे सरांची लेक. लहानपणी ती घरभर दोन्ही पायांवर टुणटुण उड्या मारत फिरायची, म्हणून तिच्या आईनं हे नाव ठेवलं, आणि मैदानानं ते उचललं. तिनं मला उघडलं, नाक धरलं, "शी!" म्हणाली आणि घरी नेलं. कोमट पाणी आणि सोडा घालून तिनं मला आतून घासलं, दोरीवर उलटं टांगून वाळवलं. माझ्यात पुन्हा जीव आला. त्यानंतर मी सरांची नव्हते, तिची होते. ती माझ्यावर गाल ठेवून अभ्यास करायची. उन्हातून आली की मला डोक्यावर टोपीसारखी घालून आरशासमोर उभी राहायची आणि आईला हाक मारायची, "आई, ये बघ, राणीसाहेब!"

तिच्या घरात एक गंमत होती, जी मला पुढे गंमत वाटेनाशी झाली. मैदानाच्या फाटकाच्या आत ती वडिलांना 'सर' म्हणायची, फाटकाबाहेर 'बाबा'. हा सरांचाच नियम. पोरीला झुकतं माप देतो असं कुणी म्हणू नये, म्हणून ते तिला इतरांपेक्षा जास्त दटावायचे. पण जेवायला बसल्यावरही बोलणं उडीचंच. पायऱ्या चढताना गुडघा किती उचलला यावर टीका. झोपताना घड्याळाचा गजर सरच लावायचे. बाबा मला त्या घरात क्वचितच दिसले.

बेडकी मोठी झाली तशी तिची उडी वाढली. त्या वर्षी तिच्या वयोगटातून देशाच्या संघासाठी निवड चाचणी व्हायची होती. पुढच्या वर्षी ती मोठ्यांच्या गटात जाणार, म्हणजे या गटातली ही शेवटची संधी. सर झोपेतही त्या चाचणीचं बोलायचे. आणि नेमका तेव्हाच तिचा उडीचा गुडघा दुखायला लागला.

पडून नाही, मुरगळून नाही. वाटीच्या खाली, जिथे मांडीचा सगळा जोर एका जाड दोरातून नडगीवर उतरतो, तिथे. त्या दोराला डॉक्टर टेंडन म्हणतात. फळीवर पाय आदळून आदळून तो आतून विरत चालला होता. आधी उडीनंतर दुखायचं, मग उडी मारताना, मग जिने उतरताना. सरांनी जेलची गादी बांधली, मग मलाही बाहेर काढलं, कारण माझा गारवा जास्त वेळ टिकतो. "बर्फ लाव आणि चल." मी तिच्या गुडघ्यावर बसायचे आणि आतली आग मला जाणवायची. ती आग ताज्या मुरगळीची नव्हती. माझ्या हाती तिचं काहीच नव्हतं.

शेवटी तिच्या आईनं आवाज चढवला. "तुमचं मैदान तुमच्या डोक्यावर मारा! पोर जिना कठड्याला धरून उतरते. तिला डॉक्टरकडे नेऊ या, नाहीतर मी एकटी घेऊन जाते." सरांनी कधी नव्हे ते ऐकलं आणि तिघं डॉक्टरबाईंकडे गेली. मी किटच्या बॅगेत होते, टॉवेलात गुंडाळलेली.

डॉक्टरबाई खेळाडूंवरच उपचार करायच्या. त्यांनी गुडघ्यावर सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं, पडद्यावरचा काळा डाग दाखवला आणि एक उपचार सुचवला. बेडकीच्याच दंडातलं रक्त काढायचं. ते एका यंत्रात गरागरा फिरवायचं, म्हणजे त्याचे थर वेगळे होतात. त्यातला प्लेटलेटनं भरलेला पिवळसर थर सुईत घ्यायचा आणि त्या विरलेल्या दोरात टोचायचा. शरीराला आपलीच दुरुस्ती करायला आपल्याच रक्तातून निरोप धाडायचा, असा काहीसा प्रकार.

"हमखास बरं होतं का?" आईनं विचारलं.

"नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "काहींना फायदा होतो, काहींना होत नाही. आणि इंजेक्शन हे अर्धंच काम. नंतर विश्रांती आणि मग हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम."

मला त्या बाई आवडल्या. खोटं बोलत नव्हत्या. पण पुढच्याच वाक्यानं माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

इंजेक्शन देऊन झालं होतं. बेडकी पालथ्या हातानं डोळे पुसत होती. बाईंचा फोन वाजत होता, दारात पुढचा पेशंट डोकावत होता. त्या उठता उठता सरांना म्हणाल्या, "सुरुवातीला दुखेल, सूजही येईल. बर्फ लावायचा नाही. सुजेच्या गोळ्या द्यायच्या नाहीत. पळणं-उड्या बंद. पुन्हा दाखवायला या."

बर्फ नाही? आयुष्यभर मी सुजेशी लढले आणि आता सूज आली तर मी खोक्यात बसायचं? आणि का, ते एका शब्दानं सांगितलं नाही! मित्रांनो, 'नको' एवढंच सांगून जो निघून जातो, तो अर्धं काम टाकून जातो. ते 'का' बाईंनी त्या दिवशी सांगितलं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं, असं मला आजही वाटतं. सरांनी मान डोलावली. आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखी.

दुसऱ्या दिवशी बेडकीचा गुडघा पावासारखा फुगला. हात लावला तर चटका बसेल इतका गरम. ती भिंतीला धरून न्हाणीघरापर्यंत जायची आणि परत येऊन पलंगावर पडायची. ओठ दातांत धरून ठेवायची. सर दारात उभे राहून बघायचे. त्यांचा चेहरा मी पाहिला. लेकीचं दुखणं बघून बापाच्या पोटात तुटत होतं, यात तिळमात्र शंका नाही. पण पोटात तुटलं की हा माणूस एकच गोष्ट करायचा, ती म्हणजे काहीतरी करायचा.

तिची आई कामावर गेल्यावर ते मला भरून घेऊन आले. दुसऱ्या हातात सुजेची गोळी आणि पाणी.

"सर... बाबा, बाई नको म्हणाल्या ना?"

"त्या सगळ्यांना तेच सांगतात. तू सगळ्यांसारखी आहेस का?"

"पण त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं."

"अगं, त्यांचं इंजेक्शन आत काम करतंय, आपला बर्फ बाहेरून करेल. दोन्हीकडून धरलं तर निम्म्या वेळात मोकळी होशील. चाचणी तोंडावर आली आहे. हे घे, गोळी गीळ. आईला उगाच सांगत बसू नकोस, ती घाबरते."

दोन्हीकडून धरलं तर! हा खास मैदानावरच्या माणसाचा हिशोब. एक व्यायाम चांगला, तर दोन व्यायाम दुप्पट चांगले. एक उपचार चांगला, तर त्याच्या जोडीला आपलाही एक ठेवून द्यावा, वाया थोडाच जातो! डॉक्टरवर विश्वास नव्हता असं नाही. डॉक्टरवरही होता आणि बर्फावरही होता, म्हणजे कुणावरच पुरता नव्हता.

त्यांनी मला त्या गरम गुडघ्यावर ठेवलं. बेडकीचा चेहरा सैल पडला. आणि मला जन्मात पहिल्यांदा माझ्याच गारव्याची घृणा आली. बाईंनी मला नाकारलं म्हणून मी फुरंगटले होते खरी, पण नाकारूनही मला असं लपूनछपून आणणं हा माझा मान नव्हता. चोरासारखं वापरलं जायला मी त्या कारखान्यात स्वतःला उलटं टांगून घेतलं नव्हतं.

मग हे रोजचंच झालं. सकाळी मी, संध्याकाळी मी, मध्ये गोळी. सूज लवकर उतरली. सर खूश. "बघ, म्हटलं नव्हतं?" दुखणं कमी झालं म्हणून त्यांनी तिला गवतावर हलकं पळायला लावलं. हलकं म्हणता म्हणता छोट्या उड्या आल्या. उड्या आल्या तशी कळही परत आली, जिथून गेली होती त्याच जागी. सरांनी पुन्हा मला भरलं. आई विचारायची, "कसं आहे गं?" बेडकी म्हणायची, "बरं आहे." सर भाजी वाढून घेत दुसरीकडे बघायचे. मी स्वयंपाकघरातल्या फ्रीजच्या दांड्यावर लटकून हे ऐकायचे आणि माझ्या तळापासून झाकणापर्यंत आग जायची. घरात तीन माणसं, त्यांच्यात एक खोटं, आणि त्याचा भार एका गुडघ्यावर!

दाखवायचा दिवस आला. या वेळी बापलेकच गेले, कारण तिथून थेट मैदानावर जायचं होतं. सरांनी निघण्यापूर्वी मला बर्फानं भरून किटमध्ये ठेवलं होतं. डॉक्टरबाईंनी पडद्यावर बघितलं. काळा डाग होता तिथेच होता. उलट जरा रुंद झाला होता.

"काही फरक नाही," त्या म्हणाल्या. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "मी सांगितलं तसंच केलंत ना सगळं?"

"तंतोतंत," सर म्हणाले. आणि वर आवाज चढवला, "म्हणजे तुमचा हा रक्ताचा उपचार फुकटच गेला म्हणायचा. पोरीचे इतके दिवस वाया घालवले तुम्ही. चाचणी पुढच्या आठवड्यात आहे, आता मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

बाई काही बोलणार, तेवढ्यात बेडकी तपासणीच्या पलंगावरून खाली उतरली. लंगडत बॅगेपाशी आली, चेन उघडली, टॉवेल सोडला आणि मला बाहेर काढलं. मी गारठलेली, भरलेली, माझ्या अंगावर दवासारखं पाणी. तिनं मला नेऊन बाईंच्या टेबलावर ठेवलं, त्यांच्या अगदी समोर.

"ही रोज बसते, बाई. सकाळ-संध्याकाळ. सुजेची गोळी पण. आणि मी पळते आहे, उड्या मारते आहे."

सरांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

"बाहेर चल, बोलू," ते म्हणाले.

"नाही, इथेच बोलायचं," बेडकी म्हणाली.

डॉक्टरबाई चिडल्या. मला ते बघून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. "सर, भिंत पडली की तुम्ही गवंडी बोलावता. गवंडी आले की धूळ उडते, ठोकाठोक होते, सगळं घर डोक्यावर घेतलं जातं. ती सूज, तो गरमपणा म्हणजे ही ठोकाठोक होती. तुम्ही गवंडी बोलावले आणि रोज दारात उभं राहून त्यांना परत पाठवलं. आता मला सांगा, भिंत उभी राहिली नाही हा दोष कुणाचा?"

सरांनी मला उचलायला हात पुढे केला, तो बाईंनी अडवला.

"आणि सगळ्यात वाईट काय, माहीत आहे? हा उपचार हिला लागू पडला असता की नाही, हे आता कळणारच नाही. कदाचित पडला असता. कदाचित नसताही. तुम्ही ते कळण्याची सोयच ठेवली नाही." मग त्या बेडकीकडे वळल्या. "तुला तर माहीत होतं. तू का नाही बोललीस?"

"ते सर आहेत," बेडकी म्हणाली. "सरांना नाही म्हणत नाहीत."

"अगं, हे मैदान नाही. आणि तुझं घरही मैदान नाही."

"घरही मैदानच आहे, बाई."

मित्रांनो, मी पाण्यानं भरलेली पिशवी आहे, मला डोळे नाहीत. पण ते वाक्य ऐकून सर ज्या तऱ्हेनं खुर्चीत बसले, ते मी पाहिलं असं म्हणायला माझी हरकत नाही. कुणीतरी पोत्यातलं धान्य ओतून द्यावं आणि रिकामं पोतं खाली बसावं, तसे ते बसले.

डॉक्टरबाईंनी स्वतःलाही सोडलं नाही. "मीही त्या दिवशी घाईत होते. का नको ते सांगायला हवं होतं," असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी दोन वाटा समोर ठेवल्या. सुन्न करणारी औषधं घेऊन चाचणीत उडी मारता येईल, पण तो दोर फळीवर तुटू शकतो. तुटला तर ऑपरेशन, आणि नंतर उडी राहील की नाही, देव जाणे. नाहीतर चाचणी सोडायची, उपचार पहिल्यापासून करायचा आणि या वेळी शरीराला त्याचं काम करू द्यायचं.

घरी गेल्यावर जे भांडण झालं ते शेजारच्यांनीही ऐकलं असेल. सगळं कळल्यावर आईनं गोळ्यांचं पाकीट कचऱ्यात भिरकावलं. "माझ्या पाठीमागे? माझ्याच घरात?" एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. सर येरझाऱ्या घालत होते. "मी तिचं वाईट चिंतलं का? सांग ना! एक उडी, फक्त एक उडी मारायची होती. त्यासाठी दहा वर्षं घासलं आहे तिनं. मी घासलं आहे!"

"मला एक उडी नको आहे," बेडकी म्हणाली. "मला पुढच्या सगळ्या हव्या आहेत."

सर ओरडले, "मोठ्यांच्या गटात तुला कोण विचारणार आहे?" आणि बोलल्यावर स्वतःच दचकले. कारण पोरगी रडली नाही. ती त्यांच्याकडे नुसती बघत राहिली, जसं आपण एखाद्या अनोळखी माणसाकडे बघतो. मग आईचा हात धरून खोलीत गेली. दुसऱ्याच दिवशी आई तिला डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली आणि इंजेक्शन पुन्हा दिलं गेलं.

चाचणीच्या दिवशी गुडघा पहिल्या वेळेसारखाच फुगलेला होता. सरांना बाकीच्या खेळाडूंना घेऊन जावंच लागलं. दुपारी ते परत आले तेव्हा त्यांच्या शर्टाची पाठ घामानं चिकटली होती आणि बुटांत वाळू होती. जी मुलगी निवडली गेली, तिची उडी बेडकीच्या सरावातल्या उडीपेक्षा आखूड होती. ते हे त्या दिवशी कुणाला बोलले नाहीत. पण सरळ स्वयंपाकघरात आले, फ्रीज उघडला, बर्फाचा ट्रे ओट्यावर आपटला आणि मला भरायला लागले. अर्धे तुकडे खाली पडत होते. काय करतो आहोत याचं त्यांना भान होतं असं मला वाटत नाही. बर्फ भरणं एवढंच त्या हातांना येत होतं.

नको, मी म्हणत होते. अहो, पुन्हा नको! पण पिशवीचं कोण ऐकतं?

बेडकी पलंगावर होती, गुडघ्याखाली उशी. कळ येऊन गेली होती, कपाळ ओलं होतं. सर दारात थांबले. मी त्यांच्या हातात.

"फक्त आजच्या दिवस," ते म्हणाले. "थोडा वेळ. मला बघवत नाही गं."

बेडकीनं हात पुढे केला. "द्या इकडे, बाबा."

त्यांनी मला दिलं. तिनं माझं झाकण फिरवलं आणि पलंगाशेजारी तोंड धुवायला ठेवलेल्या पाण्याच्या बादलीत मला उपडी केलं. बर्फ खळाळून पडला. मी रिकामी झाले.

"तोंड धुऊन घ्या," ती म्हणाली. "उन्हातून आला आहात."

सर बादलीशी उकिडवे बसले. ओंजळी भरभरून त्यांनी ते गार पाणी तोंडावर मारलं, पुन्हा मारलं, आणि मग तोंड ओंजळीतच धरून बसले. ते रडत होते. मोठ्यानं, लहान मुलासारखे. बेडकीनं त्यांना गप्प केलं नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी बाहीनं तोंड पुसलं आणि विचारलं, "मग आता मी काय करू?"

"काही नका करू. इथे बसा."

आणि बाबा बसले. पलंगाच्या कडेला, रिकामे हात मांडीवर ठेवून. तिला कळ आली की त्यांचे हात उठायचे आणि मग तिनं बघितलं की पुन्हा खाली जायचे. इतका कठीण व्यायाम त्यांनी आयुष्यात कुणाकडून करून घेतला नव्हता. संध्याकाळी आई घरी आली तेव्हाही ते तिथेच होते.

तिचा गुडघा पुढे बरा झाला का, हे तुम्ही विचारणारच. झाला, बराचसा. सावकाश, कंटाळवाण्या व्यायामांनी, कुरकुरत. इंजेक्शनानं झाला, व्यायामानं झाला की नुसतं थांबल्यानं, हे डॉक्टरबाईही छातीठोक सांगत नाहीत. ती मोठ्यांच्या गटात उडी मारते, अजून पहिली येत नाही. गेलेली संधी गेली ती गेलीच. त्याचा राग मी सोडलेला नाही आणि सोडणार नाही.

मित्रांनो, कुणी पडलं, कुणाचा पाय मुरगळला, तर मला खुशाल बोलवा, मी धावत येईन. काम झालं की माझं पाणी ओता, मला उलटी टांगून वाळवा, एवढी माझी सेवा पुरे. पण कुणाचं दुखणं तुम्हाला बघवत नाही, म्हणून त्याच्यावर मला ठेवू नका. आणि दुखणाऱ्या पोरांनो, तुमच्यासाठी वेगळं सांगते. जो गुडघा दुखतो तो तुमचा आहे. समोर सर असोत, बाबा असोत, नाहीतर दोन्ही एकाच माणसात असोत. नको असेल तर झाकण उघडा आणि मला ओतून द्या. मला राग येणार नाही.